नव्या ॲक्सेस फाइलमध्ये फॉर्म आणले की #नेम? का येतं, आणि ते कसं घालवायचं

सांगलीच्या मार्केट यार्डातलं अडत दुकान असो, तासगावचं कोल्ड स्टोरेज असो किंवा कराड-कोरेगावकडची छोटी पतसंस्था असो, पट्टी, ठेव आणि उचल यांचा हिशोब आजही काही ठिकाणी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एका फाइलवर चालतो. फाइल कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी बसवून दिलेली असते. मग कॉम्प्युटर बदलतो, नवीन ऑफिस येतं, किंवा फाइल जड झाली म्हणून कोरी फाइल करून त्यात जुने फॉर्म, म्हणजे नोंदी भरायचे-बघायचे पडदे, आणले जातात. फॉर्म आला असं वाटतं, उघडून बघावं तर रकान्यारकान्यात #नेम?, खालचा तक्ता पांढरा, बटण दाबलं तर काहीच नाही. मग ‘फॉर्म खराब झाला’ असं ठरवून तोच फॉर्म चार वेळा आणला जातो.

फॉर्म बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्याच्या पोटात माहिती नसतेच, नुसती नावं असतात: अमक्या क्वेरीतून (टेबलांतून नोंदी निवडून देणाऱ्या प्रश्नातून) नोंदी घे, तमक्या फील्डचा आकडा इथं दाखव, हा सबफॉर्म (फॉर्मच्या आत बसणारा छोटा फॉर्म) इथं बसव, बटण दाबलं की हे फंक्शन (ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा) चालव. इम्पोर्ट करताना ॲक्सेस ती नावं जशीच्या तशी आणतं. त्या नावांमागच्या वस्तू मात्र आपण निवडल्या तरच येतात. म्हणून फॉर्म पुन्हा आणण्यापेक्षा त्याला कोणतं नाव सापडत नाहीये ते शोधायचं.

(पडद्यावरच्या आज्ञा आणि मेनूंची नावं इथं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीतच टाइप करायची.)

आणण्याआधी फाइल कसली आहे ते बघा

फाइलच्या नावाच्या शेवटी काय आहे ते आधी वाचा. एमडीबी असेल तर ती जुन्या धाटणीची फाइल. एसीसीडीबी ही ॲक्सेस २००७ पासूनची धाटणी. जुनीतून नवीत फॉर्म आणायला अडचण नसते. पण एमडीई किंवा एसीसीडीई असेल तर तिथंच थांबा. त्या बंद केलेल्या फाइली असतात, त्यांतून टेबलं आणि क्वेऱ्या येतात, फॉर्म, रिपोर्ट आणि मॉड्यूल (कोड ठेवायची जागा) येत नाहीत. ज्यानं फाइल बसवली त्याच्याकडची मूळ एमडीबी मिळवणं हाच मार्ग.

फाइल ॲक्सेस ९७ मध्ये केलेली असेल तर ॲक्सेस २०१३ आणि त्यापुढचे तिला हातच लावत नाहीत. ॲक्सेस २००३, २००७ किंवा २०१० असलेला एखादा कॉम्प्युटर शोधा, तिथं ती २००२-२००३ च्या एमडीबीत बदलून घ्या, मग नव्या मशीनवर न्या. जुन्या फाइलीला वापरकर्त्यांची नावं आणि पासवर्ड लावलेले असतील तर सोबतची एमडीडब्ल्यू फाइलही लागते. ती जुन्या कॉम्प्युटरवरच राहते आणि तो कॉम्प्युटर भंगारात जातो, असं सर्रास घडतं. म्हणून जुनं मशीन विकायच्या आधी ही फाइल पेन ड्राइव्हवर घ्या.

व्हॉट्सॲप किंवा मेलवरून आलेली फाइल असेल तर विंडोज तिच्यावर ‘इंटरनेटवरून आलेली’ असा शिक्का मारतं आणि आतला कोड चालू देत नाही. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये खाली ‘अनब्लॉक’ असेल तर तिथं टिक करा. नवी फाइल ज्या फोल्डरमध्ये ठेवणार तो फोल्डर ट्रस्ट सेंटरमधल्या ट्रस्टेड लोकेशन्समध्ये घाला. बटणं न चालण्याच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानंच मिटतात.

आणि सगळ्यात आधी जुन्या फाइलची प्रत काढा. काम प्रतीवर करा. मार्चअखेरीला किंवा हळदीच्या सौद्यांची गर्दी असताना हा उद्योग काढू नका.

आणताना

कोरी एसीसीडीबी फाइल करा. फाइल, ऑप्शन्स, करंट डेटाबेस इथं जाऊन ‘नेम ऑटोकरेक्ट’च्या टिका काढा. नावं बदलली की आपोआप सांभाळून घेण्यासाठी ही सोय आहे, पण फॉर्म हलवताना तीच गोंधळ घालते. मग एक्स्टर्नल डेटा, न्यू डेटा सोर्स, फ्रॉम डेटाबेस, ॲक्सेस. २०१६ आणि त्याआधीच्या आवृत्तीत एक्स्टर्नल डेटाखाली थेट ॲक्सेसचं बटण आहे. जुनी फाइल निवडा आणि वरचा पर्याय, म्हणजे इम्पोर्टचा, ठेवा. खालचा पर्याय निवडला तर फक्त टेबलांची जोडणी होते, फॉर्म दिसतच नाहीत.

पुढच्या खिडकीत टेबल, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट, मॅक्रो, मॉड्यूल असे टॅब येतात. प्रत्येक टॅबवर जाऊन ‘सिलेक्ट ऑल’ करा. फक्त फॉर्मच्या टॅबवर करून ओके दाबणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. त्याच खिडकीत ऑप्शन्सचं बटण आहे, तेही उघडा. रिलेशनशिप्सची टिक आधीपासून असते. इम्पोर्ट-एक्स्पोर्ट स्पेसिफिकेशन्स आणि मेनू व टूलबार यांच्या टिका मात्र आपण लावाव्या लागतात. क्वेऱ्या ‘ॲज क्वेरीज’च ठेवा. तिथं ‘ॲज टेबल्स’ झालं तर पट्टीची बेरीज आजच्या आकड्यावर गोठते आणि उद्याची नोंद त्यात कधीच येत नाही. ही चूक लगेच दिसत नाही, म्हणून जास्त घातक.

एका झटक्यात सगळं आणलं तर क्रमाची चिंता नाही. तुकड्यातुकड्यानं आणायचं असेल तर आधी टेबलं, मग क्वेऱ्या, मॉड्यूल, सबफॉर्म आणि शेवटी मुख्य फॉर्म.

नव्या फाइलीत त्याच नावाची वस्तू आधीच असेल तर ॲक्सेस तिच्यावर लिहीत नाही, नव्या वस्तूच्या नावापुढे १ जोडतं. म्हणजे ‘पट्टीतपशील’ आधीचा तसाच राहतो आणि चांगला आलेला ‘पट्टीतपशील१’ बाजूला पडून राहतो. मुख्य फॉर्म अजून आधीच्यालाच हाक मारतो. म्हणून दुसऱ्यांदा आणायच्या आधी पहिल्यांदा आणलेलं पुसून टाका. चार वेळा आणलेल्या फाइलीत १, २, ३ शेपटी असलेले फॉर्म दिसले तर दुरुस्ती करत बसू नका. कोरी फाइल करून पहिल्यापासून आणणं दहा मिनिटांत होतं.

#नेम? कुठं कुठं आलंय ते मोजा

सगळ्या रकान्यांत #नेम? असेल तर फॉर्मचा रेकॉर्ड सोर्स हरवलाय. फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये उघडा, एफ४ दाबून प्रॉपर्टी शीट काढा, वरच्या यादीतून ‘फॉर्म’ निवडा आणि डेटा टॅबवरचा रेकॉर्ड सोर्स वाचा. तिथं लिहिलेली क्वेरी किंवा टेबल डावीकडच्या यादीत त्याच स्पेलिंगनं आहे का बघा. क्वेरी आहे, पण ती दुसऱ्या क्वेरीवर उभी आहे आणि ती दुसरी आलेली नाही, असंही होतं. क्वेरी एकटी उघडून बघितली की लगेच कळतं.

एकाच रकान्यात असेल तर त्या रकान्याचा कंट्रोल सोर्स बघा. फील्डचं नाव बदललेलं असतं, किंवा तिथं आपलं स्वतःचं फंक्शन लिहिलेलं असतं. ‘अक्षरी रुपये’ हा रकाना याचं नेहमीचं उदाहरण. निव्वळ रकमेचे मराठी शब्द करून देणारं फंक्शन एखाद्या मॉड्यूलमध्ये असतं, आणि मॉड्यूल आणलं नाही की बाकी पट्टी नीट, फक्त त्या ओळीत #नेम?. मॉड्यूल आणूनही तसंच राहिलं तर मॉड्यूलचं नाव आणि आतल्या फंक्शनचं नाव एकच आहे का तपासा. दोन्ही सारखी असली तर ॲक्सेसला फंक्शन सापडत नाही. मॉड्यूलचं नाव बदला.

फॉर्म उघडताच ‘एंटर पॅरामीटर व्हॅल्यू’ असं विचारलं तर त्या चौकटीत जे नाव छापलंय तेच हरवलेलं आहे. चौकट बंद करण्याआधी ते नाव कागदावर लिहून घ्या. त्यात दुसऱ्या फॉर्मचं नाव असेल, तर क्वेरी त्या दुसऱ्या फॉर्मवरची तारीख किंवा खातं मागतेय. तो फॉर्म आधी उघडलेला असावा लागतो.

फॉर्म नुसता रिकामा, शीर्षक दिसतंय पण एकही रकाना नाही, हे वेगळं दुखणं आहे. नोंदी शून्य असतील आणि नवी नोंद घालायलाही परवानगी नसेल तर ॲक्सेस फॉर्मचा मधला भागच दाखवत नाही. टेबलं आणताना ‘डेफिनिशन ओन्ली’ निवडलं होतं का बघा, मग फॉर्मची ‘अलाव ॲडिशन्स’ बघा, आणि ज्या क्वेरीवर फॉर्म आहे ती उघडून खालच्या ओळीत नवी नोंद टाइप होते का बघा. डेटा एंट्री ही प्रॉपर्टी ‘यस’ असेल तर मात्र जुन्या नोंदी लपतात आणि एकच कोरी नोंद समोर राहते.

पट्टीची बेरीज आणि सबफॉर्मचं नाव

अडतीच्या पट्टीचा फॉर्म नजरेसमोर आणा. वर शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर, तारीख. मध्ये सबफॉर्म: पोती, वजन, दर, रक्कम. खाली हमाली, तोलाई वजा होऊन निव्वळ रक्कम. मधली बेरीज सबफॉर्मच्या फूटरमधल्या एका रकान्यात होते आणि मुख्य फॉर्म ती तिथून उचलतो.

ती उचलताना जे नाव वापरतात ते सबफॉर्मच्या फॉर्मचं नाव नसून, तो ज्या चौकटीत बसवलाय त्या चौकटीचं नाव असतं. दोन्ही बऱ्याचदा वेगळी असतात. इम्पोर्टनंतर मधली जागा पांढरी दिसली म्हणून कुणी जुनी चौकट पुसतं आणि यादीतून सबफॉर्म ओढून पुन्हा बसवतं. तक्ता दिसू लागतो, पण नव्या चौकटीला ॲक्सेस नवीन नाव देतं आणि निव्वळ रकमेत #नेम? येतं. चौकट पुसू नका. चौकटीच्या कडेवर एकदाच क्लिक करा, प्रॉपर्टी शीटमध्ये ‘सोर्स ऑब्जेक्ट’ला योग्य सबफॉर्म निवडा. पुसून झाली असेल तर ‘अदर’ टॅबवर जाऊन नव्या चौकटीला जुनंच नाव द्या. जुनं नाव निव्वळ रकमेच्या कंट्रोल सोर्समध्ये लिहिलेलं सापडतं.

सबफॉर्म दिसतोय, पण प्रत्येक पट्टीखाली सगळ्याच शेतकऱ्यांचा माल दिसतोय, असं झालं तर ‘लिंक मास्टर फील्ड्स’ आणि ‘लिंक चाइल्ड फील्ड्स’ रिकामी आहेत. दोन्हीकडे पट्टी क्रमांक घाला.

आणि फूटरमधली बेरीज लिहिताना रकान्याचं नाव चालत नाही, टेबलातलं फील्ड लागतं. ‘रक्कम’ हा रकाना हिशोबानं निघणारा असेल तर बेरजेत वजन गुणिले दर असं पूर्ण लिहा. नाहीतर #एरर येतं.

बटणं चालत नाहीत

कोणतंही बटण दाबा, एकच तक्रार येत असेल, किंवा तारखेसारखं साधं फंक्शनही ‘कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ म्हणत असेल, तर ऑल्ट आणि एफ११ दाबून कोडची खिडकी उघडा. टूल्समध्ये रेफरन्सेस, म्हणजे कोड ज्या बाहेरच्या लायब्रऱ्यांवर चालतो त्यांची यादी. यादीत ‘मिसिंग’ असं लिहिलेली ओळ दिसली की तिची टिक काढा. गंमत वाटेल, पण एक रेफरन्स हरवला की त्याच्याशी संबंध नसलेली फंक्शनंही अडतात.

इम्पोर्ट करताना रेफरन्स सोबत येत नाहीत, हे इथं लक्षात ठेवायचं. जुन्या फाइलची हीच खिडकी उघडून टिका असलेल्या ओळींचा फोटो काढा आणि नव्या फाइलीत जुळवा. एक अपवाद: जुन्या यादीत डीएओ ३.६ (कोडमधून टेबलं वाचणारी जुनी लायब्ररी) असेल तर ती नव्यात लावू नका. एसीसीडीबीमध्ये तिची जागा ‘ॲक्सेस डेटाबेस इंजिन ऑब्जेक्ट लायब्ररी’नं घेतली आहे आणि दोन्ही एकत्र लागत नाहीत. कोडमध्ये नुसतं ‘रेकॉर्डसेट’ लिहिलेलं असेल तिथं ‘डीएओ.रेकॉर्डसेट’ करा, म्हणजे एडीओचा (तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीचा) रेफरन्स लागलेला असला तरी ‘टाइप मिसमॅच’ येत नाही.

जुन्या फॉर्मवर तारखेसाठी महिन्याचं कॅलेंडर बसवलेलं असायचं. ते कंट्रोल ॲक्सेस २०१० पासून मिळत नाही. ते काढा आणि तारखेचा साधा रकाना ठेवा. रकान्यात गेलं की शेजारी छोटं कॅलेंडर आपोआप येतं. ते आलं नाही तर त्या रकान्यावर इनपुट मास्क (टाइप करायचा ठरावीक साचा) आहे का बघा, असेल तर तो पुसा.

ऑफिस २०१९ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ सांगितलं नाही तर ६४ बिटच बसतात. जुना कोड विंडोजला थेट हाक मारत असेल तर ‘डिक्लेअर’ने सुरू होणाऱ्या ओळी लाल होतात. तिथं ‘पीटीआरसेफ’ घालावं लागतं आणि खिडकीचा हँडल किंवा पत्ता ठेवणारा ‘लाँग’ बदलून ‘लाँगपीटीआर’ करावा लागतो. सरसकट सगळे ‘लाँग’ बदलू नका. कोड कळणारं जवळ कुणी नसेल तर ३२ बिट ऑफिस बसवून घेणं हा प्रामाणिक आणि चालणारा उपाय आहे.

शेवटी डीबग, कंपाइल. एकही चूक न दाखवता तो पर्याय फिका पडेपर्यंत थांबू नका.

मराठीच्या जागी भलतीच अक्षरं

आपल्याकडच्या फाइलींचं हे खास दुखणं. जुने फॉर्म शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत केलेले असतात. या फॉन्टांत ‘हमाली’ मराठीत दिसतं, पण फाइलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट नव्या मशीनवर नसला की ती चिन्हं उघडी पडतात. फाइल बिघडलेली नसते. जुन्या मशीनवरून तोच फॉन्ट, त्याच नावाचा, नव्यावर टाका. नावात एका आकड्याचा फरक असला तरी फॉर्म त्याला ओळखत नाही.

कायमचा इलाज म्हणजे युनिकोड, अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत. पण तो अर्धवट केला तर नुकसान. डिझाइन व्ह्यूमध्ये कंट्रोल-ए करून सगळ्यांचा फॉन्ट एकदम बदलला, तर ज्या रकान्यांत टेबलातली जुन्या फॉन्टमधली नावं दिसतात तीही वाचता येईनाशी होतात. आधी टेबलाची प्रत काढून नाव, गाव, पत्ता ही फील्डं कन्व्हर्टरमधून बदला, शंभरेक नावं डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी इथंच चुका होतात. नंतर फॉर्मवरची लेबलं आणि रकाने बदला.

फॉन्ट निर्मला यूआय ठेवा. तो विंडोज ८ पासून सोबतच येतो. मंगल विंडोज १० मध्ये वेगळा उतरवून घ्यावा लागू शकतो, म्हणजे पुढचं मशीन बदललं की पुन्हा तोच प्रश्न. जुन्या फॉन्टची अक्षरं बारीक असल्यानं तिथं १६-१८ आकार दिलेला असतो. निर्मलाला ११ पुरतो, आणि वरच्या वेलांट्या कापल्या जाऊ नयेत म्हणून रकान्याची उंची ०.६ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा.

कोडच्या खिडकीत मात्र देवनागरी चालत नाही, तिथं प्रश्नचिन्हं होतात. म्हणून टेबल, फील्ड आणि बटणांची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, मराठी फक्त कॅप्शनमध्ये. मराठी संदेश दाखवायचा असेल तर एक छोटा फॉर्म करून त्याच्या लेबलात लिहा.

तारीख उलटी लागते

फॉर्मवर ५ ऑगस्टच्या पट्ट्या मागितल्या आणि ८ मेच्या आल्या. २५ ऑगस्टच्या मागितल्या तर बरोबर आल्या. हा घोळ असाच अर्धा दिसतो, म्हणून आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. कोडमधून क्वेरीला तारीख दिली की ॲक्सेस आधी महिना, मग दिवस असं वाचतं. पहिला आकडा १२ च्या वर असला तरच मुकाट्यानं उलटवून घेतं. कोडमध्ये फॉरमॅट फंक्शन लावून तारीख महिना-दिवस-वर्ष अशी द्या. आणि नव्या विंडोजचं रीजन अमेरिका राहिलं असेल तर ते भारत करा, नाहीतर टाइप केलेली तारीखच उलटी साठते.

खरोखर फॉर्मच बिघडला असेल तर

सगळी नावं जुळतात, रेफरन्स ठीक आहेत, तरी एकच फॉर्म उघडताना ॲक्सेस बंद पडतं. लिहिता लिहिता लाइट गेलेल्या फाइलींत हे आढळतं. प्रतीवर आधी कॉम्पॅक्ट अँड रिपेअर. नंतर विंडोज आणि आर दाबून ॲक्सेसच्या ईएक्सईचा (प्रोग्रॅमच्या फाइलचा) पत्ता, मग आपल्या फाइलचा पत्ता, दोन्ही वेगवेगळ्या अवतरणचिन्हांत, आणि शेवटी तिरकी रेघ देऊन ‘डीकंपाइल’. एंटर दाबताना शिफ्ट धरून ठेवा, म्हणजे सुरुवातीचा फॉर्म चालू होत नाही. बंद करून पुन्हा कॉम्पॅक्ट, मग कंपाइल.

तरीही नाही झालं तर जुन्या फाइलीत कंट्रोल-जी दाबून खालच्या खिडकीत ‘ॲप्लिकेशन.सेव्हॲजटेक्स्ट’ चालवा. त्याला एसीफॉर्म, फॉर्मचं नाव आणि टेक्स्ट फाइलचा पत्ता एवढं लागतं. फॉर्म साध्या मजकुरात उतरतो. नोटपॅडमध्ये ‘पीआरटीडेव्हमोड’ आणि ‘पीआरटीडेव्हनेम्स’चे ‘बिगिन’पासून ‘एंड’पर्यंतचे तुकडे काढून टाका. त्यांत कधीच्या काळी गेलेल्या प्रिंटरची आठवण साठलेली असते. एन्कोडिंग न बदलता सेव्ह करा आणि नव्या फाइलीत ‘लोडफ्रॉमटेक्स्ट’नं परत घ्या.

टेबलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर असतील तर इम्पोर्टमध्ये फक्त जोडणी येते, तीही जुन्या पत्त्याची. लिंक्ड टेबल मॅनेजरमधून ती नव्यानं जोडा, आणि झेड ड्राइव्हपेक्षा दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा मशीनच्या नावाचा पत्ता द्या, कारण ड्राइव्हचं अक्षर प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळं असू शकतं. सुरुवातीला उघडणारा फॉर्म कोणता, हे ऑप्शन्समधल्या करंट डेटाबेसमध्ये ‘डिस्प्ले फॉर्म’ इथं पुन्हा नेमा. फॉर्म पूर्ण पडदा व्यापून टॅबमध्ये उघडत असतील तर तिथंच ‘ओव्हरलॅपिंग विंडोज’ निवडा आणि फाइल बंद करून उघडा. मग कालची छापील पट्टी समोर ठेवून तिचा क्रमांक नव्या फॉर्मवर काढा आणि वजनापासून अक्षरी रुपयांपर्यंत एकेक रकाना ताडून बघा.